वारा काढलास का?

(घरचीं यंत्रें)

गेल्या महिन्यांत धुळ्याच्या एका वाचकभगिनींचें पत्र आलें. त्यांच्या यजमानांनीं घरच्या जुन्या डिझेल मोटारीचा फिल्टर सुटीच्या दिवशीं स्वतःच्या हातानें बदलला. इंजिन सुरू झालें, अर्धें मिनिट नीट चाललें, मग दोन-तीन आचके देऊन बंद पडलें, तें कांहीं केल्या पुन्हां सुरू होईना. नवा फिल्टरच सदोष निघाला असें यजमानांचें मत झालें. त्यांनीं तो काढून दुसरा बसविला. तरीहि तोच प्रकार. "नवी वस्तु बसविल्यानें चालती गाडी आजारी कशी पडते, हें समजावून सांगाल काय?" असें या बाईंनीं विचारिलें आहे.

उत्तर तसें एका वाक्याचें आहे. फिल्टर चांगला आहे, इंजिन चांगलें आहे, यजमानांचा हातहि वाईट नाहीं. मात्र डिझेलच्या वाटेंत वारा शिरलेला आहे, आणि तो बाहेर काढल्यावांचून गाडी चालावयाची नाहीं. आमच्याकडील मिस्त्री याला ‘एअर काढणें’ असें म्हणतात. परंतु हें एका वाक्याचें उत्तर मला स्वतःला फार महागांत पडलेलें आहे. तेव्हां आधीं ती हकीकत सांगतों आणि मग कृति सांगतों. हकीकत ऐकल्यावर कृतींतली एकहि पायरी वाचक गाळणार नाहींत, अशी माझी अपेक्षा आहे.

गोष्ट सन १९९३ मधली. मी जळगांवास एका महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवीत असें. दारांत डिझेलवर चालणारी ॲम्बॅसिडर होती. जुनीच विकत घेतलेली, पण कामाची. आईचें माहेर धुळ्याचें. ती आठ वर्षांची असतांना तिचे वडील गेले आणि थोरल्या भावानें, म्हणजे आमच्या मामांनीं, तिला लहानाची मोठी केली, शिकविलें, तिचें लग्न लावून दिलें. त्या वर्षीं मार्गशीर्षांत मामा आजारी पडले. प्रकृति उतरत चालली होती. रात्रीं-अपरात्रीं केव्हांहि निघावें लागेल हें ध्यानांत घेऊन मीं गाडी सज्ज करून ठेवावयाची ठरविली. चाकांत हवा भरली, ऑइल पाहिलें. फिल्टर बदलावयाचा राहिला होता, तो एका संध्याकाळीं कॉलेजांतून आल्यावर दिवेलागणीच्या आंत उरकून टाकला. जुना काढला, नवा बसविला, बोल्ट आवळला आणि किल्ली फिरविली. इंजिन तत्काळ सुरू झालें. दहा-पंधरा सेकंद त्याचा आवाज ऐकला, समाधान पावलों, इंजिन बंद केलें आणि हात धुवून जेवावयास बसलों.

तिसऱ्या रात्रीं दीड वाजतां फोन वाजला. मामा शुद्धीवर आले होते आणि बहिणीला हांका मारीत होते. वेळ थोडा आहे, निघून या, असा निरोप होता. आई पांच मिनिटांत लुगडें बदलून पायरीवर येऊन उभी राहिली. तिला गाडींत बसविलें. गाडी सुरू झाली, गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि तेथें आचके देऊन थांबली. मीं सेल मारला. इंजिन फिरे, पण पेट घेईना. पुन्हां मारला, आणखी एकदां मारला. शास्त्र शिकविणारा मी, त्या रात्रीं एखाद्या अडाण्यासारखा किल्ली फिरवीत बसलों. अर्ध्या तासांत बॅटरी उतरली. शेजारचे चौघे जण थंडींत उठून आले; त्यांनीं गाडी चौकापर्यंत ढकलीत नेली आणि परत आणली. एक जण स्टेशनावर टॅक्सी पाहावयास गेला, तो हात हालवीत परत आला. शेवटीं पहाटेच्या पहिल्या एस. टी.नें आम्ही निघालों आणि साडेसातनंतर धुळ्यास पोंचलों. मामांचे डोळे पावणेपांच वाजतां मिटले होते.

जळगांवाहून धुळें सुमारें ९० किलोमीटर. रात्रीच्या मोकळ्या रस्त्यानें एरंडोल, पारोळें मागें टाकीत जावयास दोन-सव्वादोन तास पुरत. आम्ही चाराच्या सुमारास पोंचलों असतों. हा हिशेब मीं त्या दिवशीं एस. टी.त बसल्या बसल्या केला, आणि पुढेंहि पुष्कळदां केला आहे.

दिवसकार्य आटोपून आल्यावर मीं शनिपेठेकडील एका मिस्त्र्याला बोलावून आणलें. या गृहस्थांची उमेदीचीं वर्षें रावेर-यावलाकडे विहिरींवरचीं ऑइल इंजिनें दुरुस्त करण्यांत गेलीं होतीं. त्यांनीं बॉनेट उघडण्यापूर्वींच विचारिलें, "सर, यांत काय बदललं होतं?" मीं म्हणालों, फिल्टर. त्यावर ते आपल्या अहिराणींत म्हणाले, "गाडीना पोटमा वारा भरी गया." त्यांनीं फिल्टरच्या माथ्यावरचा एक लहानसा स्क्रू दोन फेरे सैल केला, इंजिनाच्या कुशींतली एक लिव्हर बोटानें वर-खालीं हापसावयास सुरुवात केली. स्क्रूच्या भोंवतीं पांढरा फेंस आला. मग बुडबुडे आले. मग डिझेलची स्वच्छ धार लागली. त्यांनीं स्क्रू आवळला, तसेंच पुढें पंपावरच्या एका स्क्रूला केलें, आणि आणलेल्या बॅटरीवर सेल मारला. गाडी सुरू झाली. घड्याळाप्रमाणें दहा मिनिटें लागलीं. आई पायरीवर बसून हें सारें पाहात होती. मिस्त्री गेल्यावर ती एवढेंच म्हणाली, "एवढंच होतं का रे?"

होय, एवढेंच होतें. आणि बॉइलचा नियम मी त्यापूर्वीं पंधरा वर्षें फळ्यावर लिहीत आलों होतों.

आतां या वाऱ्याचें शास्त्र पाहूं. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनांत ती नसते. तेथें दट्ट्या हवेला वीसपटींहून अधिक दाबतो, त्या दाबानें हवा पांचशें अंश सेंटिग्रेडच्या वर तापते, आणि तीत डिझेलचा सूक्ष्म तुषार सोडला कीं तो आपोआप पेटतो. हा तुषार सोडण्याचें काम नोझलचें. नोझलच्या तोंडाशीं एक सुई स्प्रिंगनें घट्ट बसविलेली असते. मागून येणाऱ्या डिझेलचा दाब शंभर वातावरणांहून अधिक झाला तरच ती उचलली जाते, एरवीं नाहीं. इतका दाब देणारा पंप दर खेपेला किती डिझेल पुढें ढकलतो म्हणाल, तर ज्वारीच्या दाण्याएवढाहि नसणारा एक थेंब. डिझेल हा द्रव असल्यामुळें दाबला तरी जवळजवळ आकसत नाहीं; म्हणून पंपानें इकडून रेटा दिला कीं तो तसाच्या तसा तिकडे सुईपर्यंत पोंचतो. पण नळींत वाऱ्याचा एक बुडबुडा असला, म्हणजे तो रेटा त्या बुडबुड्यांतच जिरतो. बुडबुडा आकसतो, पुन्हां फुगतो, पुन्हां आकसतो; दाब सुई उचलण्याइतका कधींच वाढत नाहीं, आणि थेंबभर डिझेलहि आंत पडत नाहीं. दाब वाढला कीं वायूचें आकारमान त्या प्रमाणांत घटतें, हाच बॉइलचा नियम. तो आमच्या गल्लीच्या तोंडाशीं त्या रात्रीं बिनचूक चालला होता. ओळखणारा मात्र कोणी नव्हता.

मग पहिल्या दिवशीं गाडी सुरू कशी झाली? पंपांत आणि नळ्यांत जुनें डिझेल थोडें शिल्लक होतें, त्यावर ती चालली. मीं तें पुरतें संपण्यापूर्वींच इंजिन बंद केलें आणि काम झालें असें समजलों. नव्या फिल्टरचा अख्खा डबा वाऱ्यानेंच भरलेला होता. तो वारा आपली पाळी येण्याची वाट पाहात होता. धुळ्याच्या बाईंच्या गाडीचें अर्धें मिनिट तें हेंच.

आमच्या भगिनींना हें नवें वाटावयाचें कारण नाहीं. अंगणांतला हापसा बरेच दिवस पडून राहिला, म्हणजे नुसता दांडा मारून पाणी येत नाहीं. आधीं वरून तांब्याभर पाणी ओतावें लागतें. शेतकऱ्यालाहि हें ठाऊक असतें. विहिरीवरच्या पंपानें पाणी सोडलें, म्हणजे खालचा ‘फुटबॉल’, ज्याला पुस्तकांत फूट व्हॉल्व म्हणतात तो, कचऱ्यानें अडकला आहे का हें तो पाहातो, पंपांत वरून पाणी भरतो, आणि मगच बटण दाबतो. नुसतें बटण दाबून पाणी येत नाहीं, हें त्याला कोणत्याहि शाळेंत जावें न लागतां माहीत असतें. डिझेल गाडीचा फिल्टर बदलणें म्हणजे तिच्या पंपानें पाणी सोडण्यासारखेंच आहे.

या वाऱ्याची एक गंमत इतिहासांत आहे. रुडॉल्फ डिझेल यांना आपल्या कल्पनेचें पेटंट १८९३ सालीं मिळालें, आणि जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें त्यांचें इंजिन १८९७ सालीं यशस्वी झालें. त्या इंजिनांत तेल आंत फुंकण्याचें काम दाबलेली हवाच करीत असे. त्यासाठीं शेजारीं हवा दाबणारें निराळें यंत्र बसवावें लागे. पुढें नुसत्या पंपाच्या जोरावर तेल आंत सोडण्याची युक्ति साधली, तेव्हां तें अवजड यंत्र गेलें. १९२७ पासून बॉश कारखान्यानें असे पंप मोठ्या प्रमाणावर करावयास आरंभ केला. त्यामुळें डिझेल इंजिन मोटारींत मावूं लागलें, आणि १९३६ सालीं मर्सिडीज कंपनीची २६० डी ही डिझेलवरची मोटार बाजारांत आली. म्हणजे ज्या वाऱ्यानें या इंजिनाला जन्मकाळीं हात दिला, तोच पुढें त्याच्या वाटेंतला अडसर होऊन बसला. खानदेशी वाचकांना आणखी एक गोष्ट आवडेल. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत एक लहान डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें होतें. ज्या तेलाची फोडणी आपल्याकडे घरोघरीं बसते, त्यावर तें यंत्र विनातक्रार चाललें.

आपल्या देशांत या पंपांची आणि नोझलांची विद्या १९५१ सालीं बंगलोरास निघालेल्या ‘मायको’ कंपनीनें आणली. तिचा नोझलांचा कारखाना पुढें आपल्या शेजारीं नाशिकलाच झाला. आज ती कंपनी बॉश याच नांवानें चालते. ॲम्बॅसिडर गाडींत १९८० च्या सुमारास १४८९ घनसेंटिमीटरचें डिझेल इंजिन आलें. २०१४ सालीं ती गाडी निघावयाची बंद झाली. तरी तिच्यासारख्या जुन्या डिझेल गाड्या व जीपा जळगांव-धुळ्याकडे अजून कोठें कोठें दारांत उभ्या दिसतात, आणि पुढील कृति त्यांच्यासाठीं आहे. अलीकडील ‘कॉमन रेल’ जातीच्या गाड्यांना ती लावूं नये. त्यांच्या नळ्यांत हजारांहून अधिक वातावरणांचा दाब असतो. तेथें पान्हा लावणें जिवावर बेतेल. तें काम जाणत्या कारागिराचें.

कृतीपूर्वीं साहित्य जमवावें: नवा फिल्टर व त्याच्याबरोबर आलेल्या सर्व रबरी रिंगा, स्क्रूंखालच्या तांब्याच्या नव्या वॉशर, मापाचे दोन पान्हे, खालीं धरावयास एखादें पसरट भांडें, आणि स्वच्छ धुतलेलें सुती फडकें. कापूस किंवा सुताचा चोथा घेऊं नये. त्याचा एखादा तंतु आंत गेला तर फिल्टर बदलण्याचा उद्देशच फुकट जातो. टांकींत निदान चौथाई डिझेल असावें. इंजिन थंड असावें, जागा उघड्यावरची असावी, आणि जवळपास विडी, काडी, शेगडी कांहीं नसावें.

प्रथम फिल्टरचें बाहेरचें अंग पुसून लख्ख करावें. आपल्याकडे उन्हाळ्यांत जी धूळ उडते, तिचा थर बॉनेटखालीं बोटभर सांचलेला असतो. जुना फिल्टर काढतांच ती आंत पडते. मग फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून आंतलें डिझेल भांड्यांत घ्यावें. तें कांचेच्या पेल्यांत ओतून दोन मिनिटें ठेवावें. तळाशीं निराळा थर दिसला, तर तें पाणी समजावें. अर्धी रिकामी टांकी पावसाळ्यांत रात्रभर राहिली कीं आंतल्या हवेंतला ओलावा थिजून डिझेलखालीं सांचतो. हें पाणी दर महिन्याला काढीत गेलें तर नोझलांचें आयुष्य वाढतें.

जुना फिल्टर निघाल्यावर वरच्या माथ्याला बोट फिरवून पाहावें. जुनी रबरी रिंग तेथेंच चिकटून राहते, आणि तिच्यावर नवी बसविली म्हणजे दोहोंच्या मधून वारा शिरत राहतो. ही चूक चांगले चांगले करतात. नव्या रिंगेला डिझेलचें बोट लावावें आणि मग फिल्टर बसवावा. आट्यांचा डबा असेल, तर रिंग टेंकेपर्यंत हातानें फिरवून पुढें सुमारें पाऊण फेराच द्यावा. मधल्या बोल्टाचा असेल, तर बेतानें आवळावा. जोर केल्यानें रिंग कापली जाते.

येथें एक प्रश्न नेहमीं विचारला जातो: नवा डबा आधींच डिझेलनें भरून बसवावा कीं रिकामा? भरून बसविल्यास हापसणें वांचतें हें खरें. पण भरतांना चूक झाली तर नुकसान होतें. आट्यांच्या डब्याच्या तोंडाशीं कडेनें लहान भोकें असतात आणि मधोमध एक मोठें. बहुतेक डब्यांत डिझेल कडेच्या भोकांतून आंत येतें, कागदांतून गाळलें जातें, आणि मधल्या भोकांतून पंपाकडे जातें. मधल्या भोकांत ओतलेलें डिझेल न गाळतांच पंपांत जातें. पंपाचा दट्ट्या आणि त्याचें घर यांच्या मधली फट दोन-चार मायक्रॉनांची असते; माणसाच्या केसाची जाडी साठ-सत्तर मायक्रॉन! आपण कॅनमधून ओतलेल्या ‘स्वच्छ’ डिझेलमधला डोळ्यांना न दिसणारा कण तेथें धोंड्यासारखा ठरतो. म्हणून भरावयाचेंच असेल तर कडेच्या भोकांतूनच, सावकाश, भरावें. मी स्वतः कोरडाच बसवितों आणि हापसून भरतों. पांच मिनिटें जास्त लागतात, पण जें पंपाकडे जातें तें गाळूनच जातें.

आतां मुख्य काम. फिल्टरच्या माथ्यावरचा वारा काढण्याचा स्क्रू एक-दोन फेरे सैल करावा. पुरता काढूं नये. खालीं फडकें धरावें. मग हापसावें. ॲम्बॅसिडरसारख्या गाडींत ही लिव्हर फीड पंपाला असते. नंतरच्या पुष्कळ गाड्यांत फिल्टरच्या माथ्यावर दाबावयाचें बटण किंवा नळींत रबरी फुगा असतो. लिव्हर हापसतांना हाताला कांहींच विरोध लागला नाहीं, तर पंप बिघडला असें समजूं नये. इंजिन थांबतांना आंतला कॅम पंपाच्या दांड्याला वर उचलून थांबलेला असतो. अशा वेळीं इंजिन हातानें एक फेरा फिरवावें, म्हणजे लिव्हर पुन्हां काम देऊं लागते. ही एवढी गोष्ट माहीत नसल्यानें निष्कारण पंप बदललेले लोक मला ठाऊक आहेत.

आधीं सुस्कारा ऐकूं येईल, मग पांढरा फेंस येईल, मग मोठे बुडबुडे, मग लहान, आणि शेवटीं अखंड धार. धार लागली कीं थांबूं नये. धार चालू असतांनाच, एका हातानें हापसत दुसऱ्या हातानें स्क्रू आवळावा. आधीं हात थांबवून मग स्क्रू आवळला तर वारा पुन्हां आंत ओढला जातो. दोन माणसें असलीं तर काम सोपें होतें. त्यानंतर हाच विधि मुख्य पंपावरच्या स्क्रूला करावा. क्रम चुकवूं नये: टांकीपासून इंजिनाकडे, वाऱ्याला पुढें हांकीत जावयाचें.

मग सेल मारावा. इंजिन बंद करण्याची ओढदोरी असल्यास ती आंत ढकललेली आहे ना, हें आधीं पाहावें. ॲक्सिलरेटर दाबून एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक सेल मारूं नये. मध्यें अर्धें मिनिट विसांवा द्यावा. तीन-चार खेपांत सुरू न झाल्यास नोझलांकडील दोन नळ्यांच्या चाक्या अर्धा फेरा सैल करून दुसऱ्याकडून सेल मारवावा. तेथें डिझेल थुंकूं लागलें कीं लगेच आवळाव्या. या वेळीं हात आणि चेहरा दूर ठेवावा. नोझलांतून जोरानें निघणारा तुषार कातडी भेदून आंत शिरतो. वरून टांचणीएवढी जखम दिसली तरी तत्काळ डॉक्टरकडे जावें. तसेंच नळी तोंडांत धरून डिझेल ओढण्याची जी वाईट चाल आहे, ती कोणींहि करूं नये. फुप्फुसांत गेलेलें थोडेंसें डिझेलहि प्राणावर बेततें.

इंजिन सुरू झालें, म्हणजे मीं १९९३ सालीं केलें तें करूं नये. दहा सेकंदांची परीक्षा ही परीक्षा नव्हे. पांच मिनिटें इंजिन किंचित् वाढवून चालूं द्यावें, मग बंद करून अर्धा तास तसेंच ठेवावें, पुन्हां सुरू करावें, आणि गांवांतून एक फेरी मारून यावी. एवढें झालें म्हणजे रात्रीं दीड वाजतांहि त्या गाडीवर भरंवसा टाकतां येतो.

इतकें करूनहि दर दोन दिवसांनीं वारा भरत असेल तर? बहुतेक लोक डिझेल कोठें गळतें तें पाहातात, आणि थेंबहि दिसत नाहीं म्हणून निश्चिंत होतात. येथेंच फसगत होते. टांकी आणि फीड पंप यांच्या मधल्या नळींत डिझेल ओढलें जात असतें, ढकललें जात नसतें. तेथें चीर असली तर इंजिन चालतांना डिझेल बाहेर येत नाहीं. बाहेरचा वारा आंत जातो. त्या बाजूची चिरलेली रबरी नळी, सैल पट्टी आणि दबलेली वॉशर हीं आधीं पाहावीं. गळत नाहीं म्हणून गळती नाहीं, असें समजूं नये.

धुळ्याच्या बाईंनीं यजमानांस सांगावें कीं तिसरा फिल्टर आणूं नये. पहिलाच बसवावा, नव्या रिंगेसह, आणि लिव्हरपाशीं हात लावावयास स्वतः बाईंनीं उभें राहावें. हें काम चौघांतल्या कोणालाहि येण्याजोगें आहे, आणि घरांत एकाहून अधिक जणांना आलेलें बरें. गेल्या वैशाखांत धुळ्याहून लग्न आटोपून येतांना मुकटीच्या पुढें आमच्या गाडीचा फिल्टर तुंबला. भर दुपार, गाडींत दोन लहान मुलें, आणि माझे गुडघे आतां वांकावयास तयार नसतात. सूनबाईंनीं पदर खोंचला, डिकींतून नवा फिल्टर आणि पान्हे काढले, मीं सांवलींतून क्रम सांगितला. पंचवीस मिनिटांत आम्ही पारोळ्याच्या वाटेला लागलों होतों.

आई २००४ सालीं गेली. मामांच्या त्या रात्रीविषयीं तिनें मला कधीं बोल लाविला नाहीं. पण त्यानंतरचीं अकरा वर्षें, मी बॉनेट लावून हात पुशीत अंगणांतून आलों, कीं पायरीवरून तिचा एकच प्रश्न ठरलेला असे: "वारा काढलास का?" मग मी काढला असला तरी परत जाऊन, तो स्क्रू पुन्हां एकदां सैल करून, धार पाहून येत असें.